मनात आलं, तिथेच पाप झालं का?

उंबरठा
सोमवार, रात्री ११:४०

बरेच महिने हे मनात घोळतंय, आज लिहायचं ठरवलं. प्रश्न ख्रिस्ती श्रद्धेतला आहे, पण उत्तर कुणीही द्या.

माझी आई गेली त्याला आठ महिने झाले. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि रात्रीची पाळी माझी होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. एका रात्री, तीन वाजून गेले असतील, ती कण्हत होती आणि मी खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते. तेव्हा मनात आलं, "आता संपलं तर बरं." तिची सुटका व्हावी म्हणून नव्हे, माझी व्हावी म्हणून. लिहिताना हात अडखळतोय, पण खरं तेच आहे.

त्यानंतर ती पाच महिने होती. ती गेल्यावर मी हे आमच्या प्रार्थनागटातल्या एका वडीलधाऱ्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे बायबल उघडलं आणि मत्तय ५:२८ वाचलं: स्त्रीकडे वाईट इच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे. मग म्हणाले, "मनात आलं म्हणजे झालंच. देवापुढे विचार आणि कृती यांत फरक नसतो." म्हणजे माझ्या नावावर आईचा खून आहे.

तेव्हापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना "आमची ऋणे आम्हांला सोड" इथे माझा आवाज बसतो. क्षमा मागून झाली आहे, कितीदा तरी. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मोह होणं आणि पाप करणं यांच्यात रेघ आहे की नाही? असेल तर कुठे? आणि ज्याच्या मनात असलं काही येतं त्याचा विश्वास खोटा समजायचा का?

जुना_कंदील
मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, हे चारचौघांत लिहायला बळ लागतं. ते तुमच्यात आहे, हे आधी सांगतो.

आता रेघेबद्दल. "पाप" हा शब्द बायबलमध्ये पहिल्यांदा कुठे येतो असं विचारलं की बहुतेक जण एदेन बाग, साप आणि फळ सांगतात. त्या अध्यायात तो शब्द एकदाही नाही. तो पहिल्यांदा येतो उत्पत्ती ४:७ मध्ये, काइन आणि हाबेल या आदामाच्या मुलांच्या गोष्टीत. हाबेलाचं अर्पण देवाने मान्य केलं, काइनाचं केलं नाही. काइन संतापला, त्याचं तोंड उतरलं. त्या घडीला, काइनाने हाबेलाचा खून करायच्या आधी, देव स्वतः त्याच्याशी बोलायला येतो. म्हणतो, पाप दाराशी टपून बसलंय, त्याची तुझ्यावर नजर आहे, पण तू त्याला ताब्यात ठेव. हिब्रूतलं क्रियापद जनावराच्या बसण्याचं आहे, पाय दुमडून दारात बसलेलं.

हे नीट बघा. राग काइनाच्या आत आहे. इतका की चेहऱ्यावर दिसतोय. तरी देवाच्या बोलण्यात पाप अजून दाराबाहेर आहे. आणि देव त्याला "तू भावाला मारलंस" असं म्हणत नाही, "सांभाळ" असं म्हणतो. तुमच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं खरं असतं तर ती सूचना देण्यात काय अर्थ उरला असता?

मत्तय ५:२८ बद्दलही एक गोष्ट. तिथली ग्रीक वाक्यरचना हेतू दाखवते. नजर गेली आणि मन हललं, असं ते वाक्य नाही. इच्छा चाळवावी याच हेतूने पाहत राहणं, असं आहे. पाहणारा तिथे स्वतःहून उभा राहिलाय.

अवांतर: पापासाठी हिब्रूत मुख्यतः तीन शब्द आहेत. एकाचा मूळ अर्थ नेम हुकणे. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामीन वंशातल्या ७०० डावखुऱ्या गोफणदारांचं वर्णन आहे, केसावर नेम धरला तरी न हुकणारे. तिथलं "हुकणे" आणि दुसरीकडचं "पाप करणे" हे एकच क्रियापद. दुसऱ्या शब्दात वाकडेपणा आहे, तिसऱ्यात उघड बंड. ५१व्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच तिन्ही एकापाठोपाठ येतात. मराठीत तिन्हींच्या छटा "पाप" या एका शब्दात कोंबाव्या लागतात, त्यामुळे प्रत्येक चूक ऐकताना बंडासारखी वाटते.

आरसपानी
मंगळवार, सकाळी ९:०५

मी परखड लिहिणार आहे, पण ताईंना दुखवायचा हेतू नाही.

कंदीलकाका, रेघ ओढण्यात धोका आहे. रेघ ओढली की माणूस तिच्या काठाशी जाऊन बसतो आणि म्हणतो, अजून मी अलीकडेच आहे. दहा आज्ञांमधली दहावी कृतीबद्दल नाही, लोभ धरू नको असं ती म्हणते, म्हणजे थेट आतल्या इच्छेला हात घालते. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात कबूल करतो की हीच आज्ञा नसती तर लोभ म्हणजे काय हे मला कळलंच नसतं. आणि १ योहान ३:१५ म्हणतं, भावाचा द्वेष करणारा खुनी आहे. हे मी पदरचं सांगत नाही.

धर्मसुधारणेच्या लोकांनी, म्हणजे सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंटांनी, हे गांभीर्याने घेतलं. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरच्या अनुयायांनी मांडलेल्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, माणसाची वाकडी ओढ हीच खरोखरचं पाप म्हटली आहे, तिच्यामुळे घडलेली कृत्यं नंतरची. लूथर म्हणायचा, माणूस स्वतःकडेच वळलेला, स्वतःतच वाकलेला आहे. "माझी सुटका व्हावी" हे ताईंचं वाक्य मला त्या वळलेपणाचंच वाटतं. माझ्या मनातही अशी वाक्यं येतात, म्हणून ओळखू येतं.

मात्र तुम्हाला मिळालेलं उत्तर अर्धं आहे, आणि अर्धं उत्तर क्रूर असतं. ज्या पत्रात ७वा अध्याय आहे त्याच पत्रात ८वा आहे, आणि तो "जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही" इथून सुरू होतो. जो तुमच्यापुढे मत्तय ५ उघडतो त्याने रोम ८ उघडल्याशिवाय उठायला नको होतं.

निशिगंध
मंगळवार, दुपारी १:३०

मी कॅथलिक. आमच्याकडे लहानपणीच शिकवतात की प्राणघातक पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी. तिन्ही एकत्र. यातली एक जरी नसली तरी ते त्या जातीचं पाप होत नाही. उंबरठाताई, दीड वर्षाच्या जागरणानंतर पहाटे तीनला मनात चमकून गेलेल्या वाक्याला "मनापासून संमती" कोण म्हणेल? आमच्या धर्मगुरूंनी तर नक्कीच म्हटलं नसतं.

आरसपानी, तुम्ही मांडलेला मुद्दा ट्रेंटच्या धर्मपरिषदेतही, म्हणजे धर्मसुधारणेला उत्तर देणाऱ्या कॅथलिक परिषदेत, चर्चेला आला होता. १७ जून १५४६ चा ठराव म्हणतो की बाप्तिस्मा झाल्यावरही माणसात ओढ उरते, ती झुंजण्यासाठी उरते, आणि जो तिला संमती देत नाही त्याचं ती काही बिघडवू शकत नाही. पौल तिला कधी "पाप" म्हणतो ते ती पापातून येते आणि पापाकडे खेचते म्हणून.

यावर कॅथलिक आणि लूथरन या दोन्ही बाजू साडेचारशे वर्षं भांडल्या. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी, आउग्सबुर्गमध्येच, नीतिमान ठरण्याबद्दल संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्यात नेमका हा मतभेद स्वतंत्र भागात नोंदवलाय आणि तो एकमेकांना धिक्कारण्याइतका उरलेला नाही असं म्हटलंय. म्हणजे आपण दोघं इथे भांडलो नाही तरी चालेल.

शंकेखोर
मंगळवार, रात्री ८:२०

मी ख्रिस्ती नाही, देव मानत नाही. तरी धागा वाचून काढला, कारण माझ्या वडिलांच्या वेळी मीही त्या खुर्चीत बसलो होतो.

दोन गोष्टी मला पटत नाहीत. आदामाने फळ खाल्लं त्यात माझा काय दोष? जन्मलेल्या मुलाला पापी म्हणणं अन्याय नाही का? आणि दुसरी, क्षमा मागितली की मिळते, तर पाप टाळायचं कशाला? पाप-पुण्याच्या जमाखर्चात निदान करणाऱ्याला भरावं तरी लागतं.

जुना_कंदील
मंगळवार, रात्री १०:१०

दुसरा प्रश्न पौलाला त्याच्या हयातीतच विचारला गेला होता. रोम ६ च्या सुरुवातीला तो स्वतःच मांडतो: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? आणि लगेच म्हणतो, कधीच नाही. त्याचं कारण हिशोबाचं नाही. जो पापाला मेला तो त्यात राहील कसा, एवढंच त्याचं म्हणणं. आजारातून उठलेला माणूस औषध आहे म्हणून पुन्हा आजार ओढवून घेत नाही.

पहिला प्रश्न अवघड आहे आणि खुद्द ख्रिस्ती लोकांत त्यावर एकमत नाही. रोम ५:१२ मधला एक छोटा शब्दप्रयोग ग्रीकमध्ये "कारण" अशा अर्थाचा आहे: सर्वांनी पाप केलं, म्हणून मरण सर्वांपर्यंत पोचलं. जुन्या लॅटिन भाषांतरात तो "ज्याच्यात सर्वांनी पाप केलं" असा झाला. ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातला धर्माध्यक्ष आणि विचारवंत, लॅटिनच वाचत होता. आदामात आपण सगळे होतो आणि दोषीही आहोत, या त्याच्या शिकवणीला तिथे मोठा आधार मिळाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची शिकवण वेगळी आहे. आदामाकडून आपल्याकडे दोष येत नाही, मरण आणि दुबळेपण येतं. त्यांच्याकडे पापाची भाषा कोर्टापेक्षा दवाखान्याची जास्त आहे. मी प्रोटेस्टंट घरातला, पण या बाबतीत माझं मन त्यांच्याकडे झुकतं. यहेज्केल १८:२० स्पष्टच म्हणतं की बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही.

तरीही ऑगस्टीनला इथे सोडून देऊ नका. सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नाशपाती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. पन्नाशीकडे झुकलेला हा धर्माध्यक्ष एवढ्याशा गोष्टीवर पानंच्या पानं लिहितो, कारण त्याला एकच कळत नाही: मला फळ नको होतं, मग हवं होतं काय? उत्तर त्याला फार अवघड जातं. शेवटी तो म्हणतो की चोरीच हवीशी होती, आणि एकटा असतो तर केली नसती. पापाचं इतकं जवळून केलेलं निरीक्षण मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

वाटसरू
बुधवार, पहाटे २:४५

इथे पहिल्यांदाच लिहितोय. उंबरठाताईंचा एक विचार होता, माझे रोज येतात. प्रार्थनेला डोळे मिटले की देवाबद्दल घाणेरडे शब्द. मला नको असतात. जितकं हाकलावं तितके येतात. पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही हे वाचल्यापासून झोप गेलीय. रोज तीच कबुली देतो, उठतो, पुन्हा वाटतं की नीट दिली नाही.

जुना_कंदील
बुधवार, सकाळी ५:५०

बाळा, (वयाने लहान असशील असं धरून चालतो) आधी मार्क ३ उघड. येशू ते वाक्य कोणाला म्हणतो? त्याने रोग्यांना बरं केलं ते डोळ्यांनी बघूनही "हे सैतानाचं काम" असं ठरवून सांगणाऱ्या शास्त्र्यांना. ते शांत झोपत होते. ज्याला त्या पापाच्या भीतीने झोप लागत नाही तो त्या ओळीत बसतच नाही.

वाळवंटातल्या संन्याशांनी हे फार बारकाईने पाहून ठेवलंय. इव्हाग्रियस, इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला, ३९९ मध्ये वारला. त्याने माणसाला छळणारे आठ विचार नोंदवले. पुढे पोप ग्रेगरीने तीच यादी सातांची केली. इव्हाग्रियस म्हणतो, हे विचार येणं-न येणं आपल्या हातात नाही. त्यांना रेंगाळू द्यायचं की नाही, ते आपल्या हातात आहे. सातव्या शतकात सिनायच्या मठाचा प्रमुख योहान क्लिमॅकस याने पायऱ्याच मांडल्या. आधी विचार येऊन धडकतो. मग आपण त्याच्याशी बोलू लागतो. मग होकार देतो. मग तो आपल्याला ओढून नेतो. शेवटी त्याची सवय जडते. पहिल्या पायरीला तो स्वच्छ "निष्पाप" म्हणतो.

उंबरठाताई, तुमच्यासाठीही एक. त्या आठांपैकी एक आहे मरगळ, भरदुपारी येणारी. इव्हाग्रियस सांगतो, सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो. तुमचा सेकंदकाटा वाचला आणि मला ते आठवलं. सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी तुमच्या खुर्चीचा अनुभव लिहून ठेवलाय.

निशिगंध
बुधवार, सकाळी ८:००

वाटसरू, जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसाला असताना अगदी तुझ्यासारखाच अडकला होता. कबुली दिली की वाटायचं काहीतरी राहिलं, पुन्हा जायचा. जीव द्यावा असंही त्याच्या मनात येऊ लागलं होतं. शेवटी जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही असं त्याने ठरवलं आणि त्या फेऱ्यातून सुटला.

आणि कृपा करून मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही दाखव. नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते पुसायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं, याला ओसीडी म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. जीवाबद्दल काही मनात येत असेल तर आजच घरातल्या कुणाला तरी सांग.

वाटसरू
बुधवार, सकाळी ८:२५

भावाला उठवून सांगितलं. तो बरोबर येणार आहे.

उंबरठा
बुधवार, रात्री ९:३०

वाटसरू, हे वाचून फार बरं वाटलं.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आरसपानी, रोम ८ साठी आभार. तुमचं म्हणणं मला बोचलं, पण टाकून देता येत नाही. "माझी सुटका व्हावी" यात मी माझ्याकडेच वळले होते हे खरं आहे.

आता मागे राहिलेली शंका. याकोब १:१३ म्हणतो देव कोणाला मोहात घालत नाही. मग आपण "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" अशी विनवणी का करतो? जो नेतच नाही त्याला नेऊ नको काय म्हणायचं?

जुना_कंदील
बुधवार, रात्री १०:४०

कारण ग्रीकमध्ये परीक्षा आणि मोह यांना एकच शब्द आहे. याकोबाच्या त्याच अध्यायात १२व्या वचनात "परीक्षेत टिकणारा धन्य" आणि १३व्यात "देव मोहात घालत नाही", मूळ एकच. प्रसंग एकच असतो. देव त्यात माणूस उभा राहावा म्हणून बघतो आणि सैतान पडावा म्हणून. येशूला अरण्यात आत्माच घेऊन जातो, आणि मोह घालतो सैतान. मत्तय ४:१ एकाच वाक्यात दोन्ही सांगतो.

या ओळीने अडखळणाऱ्या तुम्ही एकट्या नाहीत. फ्रेंच कॅथलिकांनी डिसेंबर २०१७ पासून ती "आम्हाला मोहात शिरू देऊ नकोस" अशी केली, इटालियन मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) २०२० पासून "आम्हाला मोहाच्या हवाली सोडू नकोस" अशी. मला स्वतःला जुनी ओळच आवडते. परीक्षा झेपणार नाही हे ओळखलेल्या माणसाची ती विनवणी आहे. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना हेच सांगितलं, जागे राहा, प्रार्थना करा, देह अशक्त आहे. ते झोपले. त्याने त्यांना उठवलं, पण टाकलं नाही.

आणि अरण्यातला पहिला मोह आठवा. ४० दिवसांच्या उपाशी माणसाला भाकर हवीशी वाटली, त्यात काही पाप नव्हतं. थकलेल्या शरीराला सुटका हवीशी वाटते ती याच जातीची.

आरसपानी
गुरुवार, सकाळी ७:१०

ताई, तुम्ही माझं बोलणं ज्या मोठ्या मनाने घेतलंत, त्यामुळे रात्री पुन्हा विचार केला.

मला होकार कसा दिसतो ते दावीद राजाच्या गोष्टीत सापडतं, २ शमुवेल ११. राजे लढाईला जातात त्या दिवसांत तो घरी राहिला. संध्याकाळी गच्चीवर फिरताना बथशेबा दिसली. दिसणं हा योगायोग. पण मग तो माणूस पाठवून चौकशी करतो. कळतं की ती उरीयाची बायको आहे. इथे थांबता आलं असतं. पुन्हा माणसं पाठवून तिला आणवतो. मग उरीयाला बोलावणं पाठवतो. शेवटी उरीयाच्या मरणाचं पत्र उरीयाच्याच हाती पाठवतो. त्या अध्यायात "पाठवलं" पुन्हा पुन्हा येतं. प्रत्येक पाठवणं म्हणजे एक होकार आहे.

मी तुमची गोष्ट या गोष्टीशेजारी ठेवून पाहिली. तुम्ही कुणालाही कुठेही पाठवलं नाहीत. ओढीला मी अजूनही पापच म्हणेन, माझ्या आणि तुमच्याही. पण त्याला खून म्हणणं चुकीचं आहे. मंगळवारी मी १ योहान ३:१५ तुमच्यापुढे ठेवलं, ते तिथे लागू नव्हतं. ते वचन द्वेषाबद्दल आहे. क्षमा करा.

निशिगंध
गुरुवार, दुपारी १२:००

विश्वास खोटा का, या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून.

येशूचे शिष्य यहूदा आणि पेत्र, दोघांनी एकाच रात्री प्रभूला दगा दिला. पस्तावले दोघंही. यहूदाने ३० नाणी परत नेऊन टाकली, "मी पाप केलं" असं तोंडाने म्हणाला, आणि एकटाच निघून गेला. पेत्र रडला आणि बाकीच्यांत परत आला. त्याच्या धैर्याची तर शोभाच झाली होती, कोळशाच्या शेकोटीपाशी तीनदा "मी त्याला ओळखत नाही". नव्या करारात कोळशाची शेकोटी दोनच ठिकाणी आहे: योहान १८ मध्ये ती, आणि योहान २१ मध्ये तळ्याच्या काठावर, पुनरुत्थित येशूने स्वतः पेटवलेली. तिच्यापाशी तो पेत्राला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रेम करतोस?" तोच धूर, तोच वास. पेत्राला ते नाकारणं आठवलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्या रात्री तू असं का केलंस, हे येशू एकदाही विचारत नाही.

लूक २२:३२ मध्ये येशूने त्याला आधीच सांगितलं होतं, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. पेत्र पडला, तरी ती विनंती वाया गेली असं कुणी म्हणत नाही.

जुना_कंदील
गुरुवार, संध्याकाळी ६:३०

निशिगंध, सुंदर. त्यात एक भर.

आपण "विश्वास" म्हटलं की मनातली खात्री समजतो, शंका आली की ती फुटली असं वाटतं. मराठीत मात्र हा शब्द माणसांमधला आहे. विश्वास टाकतात, विश्वासाला जागतात. ग्रीक शब्दही तसाच, भरवसा आणि इमान दोन्ही. मार्क ९ मधला बाप एका दमात म्हणतो, "माझा विश्वास आहे; माझा अविश्वास घालवून टाका." येशूने त्याला परत पाठवलं नाही, मुलगा बरा केला.

हिब्रूत विश्वासूपणाचा जो शब्द आहे तो बायबलमध्ये पहिल्यांदा देवाबद्दल किंवा मनाबद्दल येत नाही. निर्गम १७:१२ मध्ये येतो, हातांबद्दल. अमालेकाशी लढाई चालू आहे. मोशेने हात वर धरले की इस्राएलाची सरशी, खाली आले की पीछेहाट. मोशेचे हात भरून येतात. मग अहरोन आणि हूर त्याला बसायला धोंडा आणून देतात, दोन्हीकडून एकेक हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात "स्थिर" राहतात. तो "स्थिर" म्हणजे हाच शब्द. तिथे मोशेच्या मनात काय चाललं होतं हे कुणी लिहिलेलं नाही.

शंकेखोर
गुरुवार, रात्री ९:५०

मला यातलं देवाचं काही पटलं असं नाही, पण एक गोष्ट चार दिवसांत कुणी विचारली नाही म्हणून विचारतो. उंबरठा, तो विचार आल्यावर पुढे तुम्ही काय केलंत? त्याच रात्री.

उंबरठा
गुरुवार, रात्री ११:५५

दोन तास हा प्रश्न उघडा ठेवून बसले होते. मी ते कधी आठवलंच नव्हतं.

उठले. आईची कूस बदलायची वेळ झाली होती. खालची चादर ओली होती, ती बदलली. एका हाताने तिला कुशीवर धरून दुसऱ्या हाताने चादर ओढायची असते, त्या रात्री ती निघेना, उशीखाली अडकली होती. मी रडत होते बहुतेक. आवाजाने वहिनी उठून आल्या. काही बोलल्या नाहीत. पलीकडून आईला धरलं, मी चादर काढली, दुसरी घातली. मग त्यांनी माझ्या हातातून पाण्याचा चमचा घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही पडा जरा, मी बसते इथे."

सकाळपर्यंत त्या बसल्या होत्या. मी त्यांना आजवर कधी विचारलं नाही की त्या रात्री त्यांनी मला काही पुटपुटताना ऐकलं का. उद्या त्यांना फोन करणार आहे.